भू-माहितीशास्त्रातील व्यवसायप्रवेश : पदवीनंतरच्या पहिल्या टप्प्याचे विवेचन

सारांश

भूगोल, भूशास्त्र, पर्यावरणशास्त्र, कृषी व संगणकशास्त्र या विषयांच्या पदवीधरांना भू-माहितीशास्त्र हे व्यवसायाचे एक महत्त्वाचे क्षेत्र म्हणून उपलब्ध झाले आहे. तथापि या क्षेत्रात प्रवेश करणारे अनेक पदवीधर केवळ नकाशांच्या अंकीकरणाच्या कामापाशीच थांबतात. हे काम आता यंत्राकडे जात आहे. प्रस्तुत लेखात या क्षेत्राचे स्वरूप, कामाच्या पायऱ्या, पदवीधराकडे अपेक्षित असलेले मूलभूत ज्ञान, शिक्षणाचे मार्ग आणि महाविद्यालयीन अध्यापकांची जबाबदारी यांचा ऊहापोह केला आहे.

बीजशब्द : भू-माहितीशास्त्र, सुदूर संवेदन, अंकीकरण, निर्देशांक प्रणाली, क्षेत्र पडताळणी, व्यवसायप्रवेश.

१. प्रस्तावना

पदवी परीक्षेचा निकाल लागला की विद्यार्थी व पालक अध्यापकांकडे एकच प्रश्न घेऊन येतात : "पुढे काय?" भूगोलाच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे उत्तर पूर्वी दोनच शब्दांत मिळत असे. एक म्हणजे बी.एड. आणि दुसरे म्हणजे स्पर्धा परीक्षा. गेल्या दोन-अडीच दशकांत त्यात जी.आय.एस. या तिसऱ्या शब्दाची भर पडली. हा शब्द आपण वर्गात उत्साहाने उच्चारतो. परंतु त्या क्षेत्रात पदवीधराचे पहिले पाऊल नेमके कोठे पडते आणि तेथून तो पुढे कसा जातो, याची माहिती आपल्यापैकी अनेकांना नसते.

प्रस्तुत लेखकाच्या एका माजी विद्यार्थ्याचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. ग्रामीण महाविद्यालयातून भूगोलाची पदवी घेतलेल्या या विद्यार्थ्याने घरच्यांनी उसनवारी करून दिलेल्या पैशातून एका खाजगी संस्थेचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केला व शहरात नोकरी मिळविली. दोन वर्षांनी तो भेटावयास आला. दररोज पडद्यावरील उपग्रह प्रतिमेवर इमारतींच्या कडा माऊसने गिरविणे, एवढेच त्याचे काम होते. तो नकाशा कोणत्या देशाचा, कोणासाठी व कशासाठी, हे त्याला सांगता आले नाही. नकाशा कोणत्या प्रक्षेपणात आहे, असे विचारले असता तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, ते आधीच सेट केलेले असते." पुढे ते काम संपले आणि नोकरीही संपली. त्याच्या त्या उत्तरात त्याच्यापेक्षा आपल्या अध्यापनाचा दोष अधिक होता, ही जाणीव या लेखामागे आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

१) भू-माहितीशास्त्राच्या व्यवसायक्षेत्राचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) नवपदवीधराकडून अपेक्षित असलेल्या ज्ञानाची व कौशल्यांची चर्चा करणे.
३) शिक्षणाच्या उपलब्ध मार्गांची माहिती देणे.
४) या संदर्भात महाविद्यालयीन अध्यापकांना करता येण्याजोग्या गोष्टी सुचविणे.

३. क्षेत्राचे स्वरूप व विस्तार

भूपृष्ठावरील कोणत्याही घटकाची माहिती त्याच्या स्थानासह मिळविणे, साठविणे, तिचे विश्लेषण करणे आणि नकाशाच्या वा सारणीच्या रूपाने ती सादर करणे, हे भू-माहितीशास्त्राचे कार्य होय. सुदूर संवेदन, भौगोलिक माहिती प्रणाली, उपग्रहाधारित स्थाननिश्चिती, मोजणीशास्त्र व नकाशाशास्त्र ही त्याची प्रमुख अंगे आहेत.

भारतात या विषयाची परंपरा जुनी आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची. डेहराडून येथे १९६६ मध्ये हवाई छायाचित्रांच्या अर्थनिर्वचनाचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली; तीच आजची भारतीय सुदूर संवेदन संस्था. १७ मार्च १९८८ रोजी आय.आर.एस. १-ए हा उपग्रह अवकाशात गेला आणि देशाला स्वतःच्या उपग्रह प्रतिमा मिळू लागल्या. त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राची स्थापना झाली. भूमी उपयोजन, पाणलोट क्षेत्र विकास, मृदा व वनांचे नकाशे अशा अनेक कामांचा पाया या केंद्राने राज्यात घातला.

असे असले तरी दीर्घकाळ हे क्षेत्र प्रामुख्याने शासकीय राहिले, कारण नकाशे व प्रतिमा यांच्या वापरावर अनेक निर्बंध होते. राष्ट्रीय नकाशा धोरण २००५ नुसार संरक्षणविषयक नकाशे व सर्वांसाठी खुले नकाशे अशा दोन मालिका वेगळ्या करण्यात आल्या. त्यानंतरचा मोठा बदल १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी घडविला. त्यानुसार भारतीय व्यक्ती व संस्थांना पूर्वपरवानगीशिवाय स्थानविषयक माहिती गोळा करण्याची व नकाशे तयार करण्याची मुभा मिळाली. त्यापाठोपाठ डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण अधिसूचित झाले.

या बदलांचे प्रत्यक्ष रूप आपल्या गावांतही दिसते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे ड्रोनद्वारे सर्वेक्षण करून घरमालकांना मालमत्तेचे अधिकारपत्र देण्याचे काम हाती घेण्यात आले. जमीन मोजणीत साखळी व प्लेन टेबलाची जागा उपग्रहाधारित रोव्हरने घेतली. पीक क्षेत्राचा अंदाज, पीक विमा, पाणीपुरवठ्याच्या वाहिन्यांचे जाळे, शहरांची विकास योजना, दरडप्रवण उतारांची नोंद अशा अनेक कामांत स्थानविषयक माहिती जाणणाऱ्या मनुष्यबळाची गरज भासू लागली आहे.

४. कामाच्या पायऱ्या

या क्षेत्रातील कामाची विभागणी स्थूलमानाने चार पायऱ्यांत करता येते.

पहिली पायरी माहिती संकलनाची. यात क्षेत्रावर जाऊन मोजणी करणे, ड्रोन उडविणे, नमुना बिंदूंची नोंद घेणे ही कामे येतात. दुसरी पायरी माहितीच्या निर्मितीची. कागदी नकाशांचे व प्रतिमांचे अंकीकरण, त्यांना निर्देशांक देणे व दोषांची दुरुस्ती यांचा त्यात समावेश होतो. तिसरी पायरी विश्लेषणाची. दोन काळांतील प्रतिमांची तुलना, उतार व जलप्रवाहांची आखणी, वर्गीकरण व त्याची अचूकता तपासणे ही तिची उदाहरणे होत. चौथी पायरी प्रणाली उभारणीची असून माहितीकोश, संकेतस्थळावरील नकाशे आणि संगणक आज्ञावली यांचे लेखन तीत येते.

नवपदवीधरांना सर्वप्रथम नेमले जाते ते बहुधा दुसऱ्या पायरीवर. यात गैर काही नाही. हात बसण्यासाठी सहा महिने ते वर्षभर अंकीकरण करणे उपयुक्तच ठरते. रेषा कोठे तुटते, दोन बहुभुजांमध्ये फट कशी राहते, याची दृष्टी त्यातूनच येते. मात्र या पायरीवर वर्षानुवर्षे राहणे धोक्याचे आहे. प्रतिमेवरून इमारती, रस्ते व शेतांच्या बांधांच्या कडा आपोआप रेखाटणाऱ्या आज्ञावली आता वापरात आल्या आहेत. गूगल कंपनीने २०२१ मध्ये आफ्रिकेतील इमारतींच्या यंत्राने काढलेल्या रूपरेषा खुल्या केल्या व नंतर दक्षिण आशियाचाही त्यात समावेश केला. केवळ कडा गिरविणाऱ्या माणसाची गरज यामुळे कमी होत जाणार, हे उघड आहे. यंत्राने काढलेली कडा बरोबर आहे की नाही, हे ठरविणाऱ्याची गरज मात्र वाढते. पदवीधराला तयार करावयाचे आहे ते या दुसऱ्या कामासाठी.

५. पदवीधराकडे अपेक्षित मूलभूत ज्ञान

आज्ञावलीतील बटणे सहा आठवड्यांत शिकता येतात. त्यामागील संकल्पना समजण्यास पदवीची तीन-चार वर्षे लागतात व त्या शिकविण्याची जागा महाविद्यालय हीच आहे. त्यांपैकी चार बाबींचा येथे विचार केला आहे.

५.१ निर्देशांक व प्रक्षेपण : जुने स्थलनिर्देशक नकाशे एव्हरेस्ट आधारपृष्ठावर, तर जी.पी.एस. यंत्रातील नोंदी डब्ल्यू.जी.एस. ८४ या आधारपृष्ठावर असतात. हा भेद लक्षात न घेता दोन्ही एकावर एक ठेवले तर रस्ता शेतात जातो आणि विहीर रस्त्यावर येते. यू.टी.एम. प्रक्षेपणातही अशीच दक्षता लागते. या पद्धतीत ७२ ते ७८ अंश पूर्व रेखावृत्तांमधील प्रदेश ४३ व्या पट्ट्यात, तर ७८ ते ८४ अंशांमधील प्रदेश ४४ व्या पट्ट्यात येतो. पुणे पहिल्यात व नागपूर दुसऱ्यात मोडते. यवतमाळ जिल्ह्यातून तर ७८ अंशाचे रेखावृत्तच जाते. म्हणजे एकच जिल्हा दोन पट्ट्यांत विभागलेला आहे. त्या जिल्ह्याचा एकसंध नकाशा करताना कोणता पट्टा घ्यावा व का, हा प्रश्न मुलाखतीत विचारला गेला तर आपला किती विद्यार्थी उत्तर देतील? अक्षांश-रेखांशाच्या अंशांतच क्षेत्रफळ काढून निरर्थक आकडे सादर करणे, ही तर नवोदितांची नेहमीची चूक होय.

५.२ विभेदनक्षमता : प्रतिमेतील एक चित्रघटक जमिनीवरील किती क्षेत्र दाखवितो, हे समजल्याशिवाय तिचा उपयोग ठरविता येत नाही. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या काही वर्णपटांतील चित्रघटक १० मीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो. आपला गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एक चित्रघटक जवळजवळ एक गुंठा. लँडसॅट उपग्रहाच्या ३० मीटर चित्रघटकात सुमारे नऊ गुंठे, तर भारतीय लिस-३ संवेदकाच्या २३.५ मीटर चित्रघटकात सुमारे साडेपाच गुंठे सामावतात. दहा गुंठ्यांच्या तुकड्यावरील पीक लँडसॅट प्रतिमेवरून सांगता येईल का, याचे उत्तर ग्रामीण भागातील विद्यार्थी या हिशेबावरून स्वतःच देऊ शकतो. पावसाळ्यात ढगांमुळे अशा प्रतिमा निरुपयोगी ठरतात. ऐन खरिपाच्या काळात त्यामुळे रडार प्रतिमांचा आधार घ्यावा लागतो. ३० जुलै २०२५ रोजी प्रक्षेपित झालेल्या इस्रो व नासा यांच्या निसार उपग्रहाचे महत्त्व आपल्या दृष्टीने यातच आहे.

५.३ अचूकतेची तपासणी : वर्गीकरणाची एकूण अचूकता अनेकदा फसवी असते. समजा, एका तालुक्याच्या पीक नकाशाची २०० बिंदूंवर प्रत्यक्ष तपासणी केली व १७२ बिंदू बरोबर निघाले. तर अचूकता ८६ टक्के झाली. पण त्यांपैकी ३० बिंदूंवर जमिनीवर ऊस होता आणि नकाशाने केवळ १५ ठिकाणीच ऊस दाखविला, तर उसापुरती अचूकता ५० टक्केच ठरते. गळीत हंगामाचे नियोजन करणाऱ्या साखर कारखान्याच्या दृष्टीने हा नकाशा निरुपयोगी होय. एकूण आकड्यामागील ही वर्गनिहाय सारणी मांडणे व वाचणे ज्याला येते, तोच विश्लेषक होण्यास पात्र ठरतो.

५.४ क्षेत्राचे ज्ञान : नकाशा अखेर जमिनीशी ताडून पाहावा लागतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत या वाडीचा समावेश नव्हता, असे त्यानंतर शासनाकडून सांगण्यात आले. कोणत्याही यादीबाहेर काय राहिले असेल, हा प्रश्न नकाशा करणाऱ्याने स्वतःला सतत विचारावयास हवा. उतार, मृदा, ओढ्यांची दिशा, जमिनीला पडलेल्या भेगा यांचे प्रत्यक्ष निरीक्षण करण्याची सवय क्षेत्रभेटीतूनच लागते. आपल्या विषयाचे हे बलस्थान असून केवळ संगणक शिकून आलेल्या उमेदवाराकडे ते नसते.

या चार बाबींना संगणकीय कौशल्याची जोड आवश्यक आहे. २००२ मध्ये सुरू झालेली क्यू.जी.आय.एस. ही आज्ञावली विनामूल्य असल्याने महागड्या परवान्यांअभावी सराव थांबण्याचे कारण उरलेले नाही. माहितीकोशासाठी एस.क्यू.एल. व पुनरावृत्तीच्या कामांसाठी पायथन यांचा परिचय असलेला पदवीधर दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर लवकर जातो.

६. शिक्षणाचे मार्ग

पदव्युत्तर शिक्षण हा या क्षेत्रातील सर्वांत भक्कम मार्ग होय. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेत पदव्युत्तर पदविका व त्यापुढील अभ्यासक्रम आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९७६ पासून संसाधन अभियांत्रिकीचे केंद्र कार्यरत आहे. पुण्यात सिंबायोसिसची भू-माहितीशास्त्राची संस्था २००४ पासून आहे. राज्यातील काही विद्यापीठांच्या भूगोल विभागांतही हे विशेषीकरण उपलब्ध आहे. २०२२ पासून गेट परीक्षेत जिओमॅटिक्स अभियांत्रिकी ही स्वतंत्र प्रश्नपत्रिका समाविष्ट झाली आहे. मात्र परीक्षेला बसण्याची पात्रता व विशिष्ट अभ्यासक्रमाच्या प्रवेशाची पात्रता या भिन्न गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगावे.

आर्थिक अडचण असलेल्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय सुदूर संवेदन संस्थेचा २००७ पासून चालविला जाणारा दूरस्थ उपक्रम विशेष उपयुक्त आहे. महाविद्यालयाने संपर्क केंद्र म्हणून नोंदणी केल्यास विद्यार्थ्यांना शुल्काविना तज्ज्ञांची व्याख्याने व प्रमाणपत्र मिळू शकते. ड्रोनविषयक कामात रस असणाऱ्यांसाठी २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार दहावी उत्तीर्ण व १८ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला अधिकृत संस्थेत प्रशिक्षण घेऊन वैमानिक प्रमाणपत्र मिळविता येते. परंतु ड्रोन उडविता येणे म्हणजे सर्वेक्षण येणे नव्हे, हेही विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविले पाहिजे.

शासकीय सेवेबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. भूगोलाची पदवी व जी.आय.एस.चे प्रमाणपत्र असले की भूमि अभिलेख विभागात भूकरमापक होता येते, असे अनेकांना वाटते. २०२१ च्या भरतीच्या जाहिरातीत मात्र या पदासाठी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका, अथवा दहावीनंतर आय.टी.आय.चे सर्वेक्षक प्रमाणपत्र अशी अर्हता होती. पदवीच्या तिसऱ्या वर्षी हे कळण्यापेक्षा पहिल्या वर्षी कळलेले बरे.

खाजगी अल्पमुदत अभ्यासक्रमांत प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने तीन गोष्टी विचाराव्यात. तेथे क्षेत्रकार्य किती दिवसांचे आहे? स्वतःचा स्वतंत्र प्रकल्प करावा लागतो का? मागील तुकडीतील विद्यार्थी आज कोणत्या पदावर आहेत? या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे न मिळाल्यास पालकांचे पैसे तेथे गुंतवू नयेत.

७. पहिली नोकरी : काही दक्षता

पहिल्या नोकरीत वेतनापेक्षा कामाचे स्वरूप महत्त्वाचे, असे सांगणे सोपे आहे. गरजू घरातील मुलाला वेतनाचा विचार करावाच लागतो. म्हणून दोहोंचा मेळ घालण्याचा व्यवहार्य सल्ला देणे इष्ट ठरते. नोकरी स्वीकारताना नियुक्तीपत्र लेखी घ्यावे. मूळ गुणपत्रके मालकाकडे ठेवण्याची अथवा ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट असल्यास ती वडीलधाऱ्यांना व अध्यापकांना दाखवूनच निर्णय घ्यावा. रुजू झाल्यावर आपल्या हातातील काम कोणत्या मोठ्या प्रकल्पाचा भाग आहे, हे वरिष्ठांना विचारावे. गुणवत्ता तपासणीच्या कामात स्वतःहून सहभाग मागावा, कारण दुसऱ्या पायरीवरून तिसरीकडे जाणारा दरवाजा बहुधा तोच असतो.

त्याचबरोबर स्वतःच्या कामाचा एक संग्रह प्रत्येकाने ठेवावा. कंपनीची माहिती बाहेर नेणे योग्य नाही. परंतु खुल्या प्रतिमांवर आधारित आपल्या गावाचा, तालुक्याचा, एखाद्या तलावाचा अभ्यास सुट्टीच्या दिवशी करता येतो. माहिती कोठून घेतली, कोणते प्रक्षेपण वापरले, तपासणी कशी केली व कोणत्या मर्यादा राहिल्या, हे दोन पानांत लिहिलेला एक नकाशा पाच प्रमाणपत्रांपेक्षा अधिक बोलका ठरतो.

८. महाविद्यालयीन अध्यापकांची भूमिका

नवीन शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प व ऑन जॉब ट्रेनिंग यांना श्रेयांक देण्यात आले आहेत. अनेक ठिकाणी ही कामे कागदोपत्री उरकली जातात, हे मान्य करावयास हवे. त्याऐवजी ग्रामपंचायत, पाणी वापर संस्था, साखर कारखाना, नगरपरिषद यांच्याशी महाविद्यालयाने संपर्क साधल्यास विद्यार्थ्यांना खरा प्रश्न व खरा ग्राहक मिळतो. गावातील विहिरींची पाणीपातळी उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर मोजून तिचा नकाशा करणे, यासारखा प्रकल्प जी.पी.एस. असलेला साधा भ्रमणध्वनी, मोजपट्टी व विनामूल्य आज्ञावली यांवर होऊ शकतो.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या स्वरूपातही बदल करता येईल. नकाशा सुबक रंगविल्याबद्दल गुण देण्याऐवजी त्यातील मुद्दाम ठेवलेली चूक शोधण्यास सांगावे. चुकीच्या पट्ट्यात टाकलेला यवतमाळचा नकाशा विद्यार्थ्यासमोर ठेवला आणि "हे क्षेत्रफळ विश्वासार्ह आहे का?" असे विचारले, तर त्याची समज दहा मिनिटांत कळते. हे काम एकट्या भूगोल विभागाचे नाही. संख्याशास्त्राच्या अध्यापकाने नमुना निवड, संगणकशास्त्राच्या अध्यापकाने माहितीकोश व वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाने पिकांची ओळख शिकविली, तर आंतरविद्याशाखीय अध्ययन ही संकल्पना प्रत्यक्षात उतरेल. माजी विद्यार्थ्यांच्या पहिल्या तीन वर्षांतील पदांची व कामांची नोंद ठेवल्यास पुढील तुकडीला सल्ला देताना अंदाजावर विसंबावे लागणार नाही.

९. समारोप

भू-माहितीशास्त्राचे क्षेत्र विस्तारत आहे, ही वस्तुस्थिती होय. परंतु क्षेत्राचा विस्तार म्हणजे प्रत्येक पदवीधराची प्रगती नव्हे. साधनाचा वापर तेवढा शिकलेला पदवीधर साधन बदलताच मागे पडतो. साधनामागील विचार शिकलेला नवे साधन आत्मसात करतो. प्रक्षेपण, विभेदन, अचूकता व क्षेत्रनिरीक्षण या चार गोष्टी कोणत्याही महाविद्यालयाला, अगदी सामान्य प्रयोगशाळेतही, उत्तम रीतीने शिकविता येतात. सुरुवातीस उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याने पुढे पदव्युत्तर पदविका पूर्ण केली व आज तो इतरांनी केलेल्या नकाशांची गुणवत्ता तपासण्याचे काम करतो. त्याची मधली दोन वर्षे मात्र परत आली नाहीत. आपल्या पुढील विद्यार्थ्यांची तशी दोन वर्षे वाचविणे आपल्या हाती आहे.